तिंदूफच्या छावण्यांत इंग्रजी शिकवायला जाताना: तयारीपासून निरोपापर्यंत

अल्जेरियाच्या नैर्ऋत्य टोकाला तिंदूफ हे गाव आहे. त्याच्या आसपासच्या रखरखीत पठारावर, ज्याला तिथे हामादा म्हणतात, १९७५-७६ पासून सहरावी निर्वासितांच्या, म्हणजे शेजारच्या पश्चिम सहारातून पळून आलेल्या लोकांच्या, छावण्या आहेत. तिथेच जन्मलेल्या माणसांची मुलं आता शाळेत जातात. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने २०१८ साली लोकसंख्येचा अंदाज १,७३,६०० असा दिला होता. या लोकांमध्ये राहून इंग्रजी शिकवावं असं ज्यांच्या मनात आहे, आणि तेही दोन आठवड्यांसाठी नाही तर निदान एका शैक्षणिक वर्षासाठी, त्यांच्याकरता हे लिहितो आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर बेतलेलं आहे. तुम्ही परत आल्यावर वर्ग बंद पडणार असेल तर जाऊ नका. छावण्यांत पाहुणे शिक्षक येतात, मुलांना लळा लावतात आणि जातात. पुढच्या वर्षी दुसरा येतो आणि पुन्हा ‘व्हॉट इज युवर नेम’पासून सुरुवात होते. खरी गरज आहे ती तिथल्याच तरुण शिक्षक-शिक्षिकांच्या हाताशी उभं राहून त्यांचं इंग्रजी आणि शिकवण्याची रीत पक्की करणाऱ्या माणसाची. तुमचं वर्ष त्यासाठी वापरायचं आहे हे पहिल्या पत्रातच लिहा.

आधी इतिहास नीट वाचून घ्या

पश्चिम सहारा ही स्पेनची वसाहत होती. स्पेनशी लढण्यासाठी १० मे १९७३ रोजी सहरावींची पोलिसारिओ आघाडी ही संघटना स्थापन झाली. १९७५ मध्ये स्पेन निघून जायच्या तयारीत असताना मोरोक्को आणि मॉरिटानिया दोघांनीही या भूमीवर हक्क सांगितला. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १६ ऑक्टोबर १९७५ रोजी मत दिलं की जुने संबंध असले तरी त्यातून सार्वभौमत्व सिद्ध होत नाही, लोकांना स्वयंनिर्णयाचा अधिकार आहे. तीनच आठवड्यांनी, ६ नोव्हेंबरला, मोरोक्कोने साडेतीन लाख नागरिक सीमेपार चालवत आणले. हाच तो ‘हरित मोर्चा’. १४ नोव्हेंबरला माद्रिदमध्ये स्पेनने प्रशासन या दोन देशांकडे सोपवण्याचा करार केला. लोक वाळवंटात पळाले, उम द्रेगासारख्या ठिकाणी पळणाऱ्यांवर विमानांतून नापाम बॉम्ब पडले, आणि जे वाचले ते तिंदूफला पोचले. २७ फेब्रुवारी १९७६ रोजी त्यांनी सहरावी अरब लोकशाही प्रजासत्ताकाची घोषणा केली.

मॉरिटानिया १९७९ मध्ये बाजूला झाला. मोरोक्कोशी युद्ध १९९१ पर्यंत चाललं. ६ सप्टेंबर १९९१ ला युद्धबंदी झाली ती सार्वमत घेण्याच्या बोलीवर. ते सार्वमत अजून झालेलं नाही. युद्धाच्या काळातच, १९८० च्या दशकात, मोरोक्कोने सुमारे २,७०० किलोमीटर लांबीची वाळू-दगडांची भिंत उभी केली आणि तिच्या कडेने सुरुंग पेरले. नोव्हेंबर २०२० मध्ये युद्धबंदीही मोडली.

भारतीयांसाठी यात एक धागा आहे. भारताने १९८५ मध्ये या प्रजासत्ताकाला मान्यता दिली होती, दिल्लीत त्यांचा दूतावासही होता. २००० साली भारताने ती मान्यता काढून घेतली. छावणीतली वयस्क माणसं राजकारणाची उत्तम जाणकार असतात आणि चहा पिताना हा विषय निघू शकतो. सरकारची वकिली करायची गरज नाही आणि घाईने माफी मागायचीही नाही. मात्र ‘मला हे माहीतच नव्हतं’ असं उत्तर देण्याची वेळ येऊ देऊ नका.

इंग्रजी कुणाला हवी आहे आणि कशासाठी

घरची भाषा हस्सानिया, म्हणजे अरबीची तिथली बोली. शाळा अरबीत. दुसरी भाषा स्पॅनिश, कारण वसाहतीचा वारसा आहे, शिवाय हजारो तरुण क्युबात शिकून आले आणि अनेक मुलं उन्हाळ्यात स्पेनमधल्या कुटुंबांकडे राहून येतात. पुढचं शिक्षण बहुतेकांचं अल्जेरियात होतं, तिथे फ्रेंचशीही गाठ पडते. म्हणजे तुमचा विद्यार्थी तीन भाषांत वावरणारा असतो. त्याला ‘भाषा शिकण्याची सवय नाही’ असं समजून शिकवायला घेतलंत तर पहिल्याच तासाला तो कंटाळेल.

इंग्रजीची मागणी का वाढली याची कारणं अगदी रोखठोक आहेत. राबुनी हे छावण्यांचं प्रशासकीय केंद्र. तिथे संयुक्त राष्ट्रांच्या आणि परदेशी मदतसंस्थांच्या कचेऱ्या आहेत, आणि तिथल्या नोकऱ्यांत इंग्रजी लागते. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या चौथ्या समितीपुढे दर ऑक्टोबरमध्ये पश्चिम सहाराच्या प्रश्नावर निवेदनं होतात. ती करणाऱ्या तरुणांना दुभाष्याशिवाय बोलायचं असतं. अल्जेरियानेही सप्टेंबर २०२२ पासून प्राथमिक शाळेत तिसरीपासून इंग्रजी सुरू केली. आणि जगाने आपली गोष्ट परस्पर दुसऱ्यांकडून ऐकण्यापेक्षा आपल्याच तोंडून ऐकावी ही इच्छा आहेच. तुमच्या वर्गात येणाऱ्या माणसाला यातलं नेमकं काय हवं आहे ते पहिल्या आठवड्यात विचारा. त्यावर अभ्यासक्रम ठरतो.

कोणामार्फत जायचं

एकट्याने तिकीट काढून जाण्याची ही जागा नाही. यजमानाचं निमंत्रण असल्याशिवाय व्हिसा मिळवणं अवघड आणि छावणीत शिरणंही. मार्ग तीन प्रकारचे आहेत.

पहिला, छावणीत आधीच चालू असलेली इंग्रजी केंद्रं. स्मारा छावणीत एस्सलाम इंग्लिश सेंटर आहे. बुजदूर छावणीत ब्रिटनमधल्या सँडब्लास्ट या संस्थेचा डेझर्ट व्हॉइसबॉक्स हा उपक्रम आहे. त्यात शाळेनंतर मुलांना इंग्रजी आणि संगीत शिकवतात, आणि शिकवतात त्या सहरावी तरुणी. बाहेरून आलेल्या माणसाने त्यांना प्रशिक्षण द्यायचं, ही त्याची घडण. मला विचाराल तर अनुकरण करावं असं हेच प्रारूप आहे, आणि जिथे जाल तिथे तुमचं काम या घडणीत कसं बसवता येईल ते पाहावं.

दुसरा मार्ग, सहरावींच्या स्वतःच्या संस्था: त्यांचं शिक्षण मंत्रालय आणि १९७४ पासून काम करणारी राष्ट्रीय महिला संघटना. छावण्यांचा रोजचा कारभार मोठ्या प्रमाणात बायकांनीच चालवलेला आहे. युद्धाच्या वर्षांत पुरुष आघाडीवर होते तेव्हा शाळा, दवाखाने, धान्यवाटप सगळं त्यांनी उभं केलं. त्यामुळे महिला संघटनेशी बोलणं म्हणजे वळसा घालणं नाही, तो सरळ रस्ता आहे. तिसरा मार्ग, युरोपातले, विशेषतः स्पेनमधले मैत्रीसंघ. ते अनुभवी आहेत, पण पत्रव्यवहार स्पॅनिशमध्ये करावा लागतो.

निमंत्रण देणाऱ्याला चार प्रश्न लेखी विचारा. मी कोणत्या सहरावी शिक्षकाबरोबर काम करणार? माझ्या आधी कोण होतं आणि त्यांनी काय ठेवलं? मी कुठे राहणार आणि त्या घराला खर्च कसा मिळणार? आजारी पडलो तर कोण जबाबदार? उत्तरं गोलमाल आली तर थांबा. तुम्हालाही त्यांनी विचारायला हवं: पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळणारा पोलीस पडताळणीचा दाखला, दोन ओळखपत्रं, शिकवण्याचा अनुभव. मुलांमध्ये काम करायला येणाऱ्याकडे यातलं काहीच न मागणारी संस्था मला पटत नाही.

डी.एड. किंवा बी.एड. असेल आणि इंग्रजी शिकवण्याचा अनुभव असेल तर पात्रतेची चिंता नको. नसेल तर परभाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचा निदान १२० तासांचा अभ्यासक्रम करून जा, आणि त्यात प्रत्यक्ष वर्गावर शिकवण्याचे तास असतील याची खात्री करा. अनुदानित किंवा सरकारी शाळेत असाल तर असाधारण रजा आणि परदेश प्रवासाची परवानगी या दोन्हींचे अर्ज फार आधी टाका. फाइल फिरायला वेळ लागतो.

कधी जायचं

सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात पोचा, मेअखेरीस निघा. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीच्या वर जातो, शाळा बंद असतात, मुलं स्पेनला गेलेली असतात, आणि ज्यांना जमतं ती माणसंही बाहेर पडतात. हिवाळ्यात उलट, जानेवारीच्या रात्री बोचऱ्या थंड असतात. महाराष्ट्रातले लोक वाळवंट म्हटलं की सुती कपडेच भरतात आणि डिसेंबरात कुडकुडतात. रमजान दरवर्षी साधारण अकरा दिवस आधी येतो; तुमच्या वर्षात तो केव्हा पडतो ते पाहून वेळापत्रक करा. त्या महिन्यात दुपारचे वर्ग कुणालाच झेपत नाहीत, रात्रीच्या जेवणानंतरचे मात्र छान रंगतात.

व्हिसा, विमान, पैसे

भारतीय पासपोर्टवर अल्जेरियाचा व्हिसा लागतो आणि तो दिल्लीतल्या अल्जेरियन दूतावासातून घ्यायचा. यजमानांकडून आलेलं निमंत्रणपत्र आणि मुक्कामाचा कालावधी यात तंतोतंत मेळ हवा. व्हिसा कमी दिवसांचा मिळाला तर मुदतवाढीचं काय करायचं ते निघण्यापूर्वीच यजमानांना विचारा.

मुंबईहून दोहा, दुबई किंवा इस्तंबूलमार्गे अल्जियर्स, आणि तिथून देशांतर्गत विमानाने तिंदूफ. कासाब्लांकामार्गे स्वस्त तिकीट दिसलं तरी त्या वाटेला जाऊ नका: अल्जेरियाने ऑगस्ट २०२१ मध्ये मोरोक्कोशी संबंध तोडले, पुढच्या महिन्यात हवाई हद्दही बंद केली, आणि जमिनीवरची सीमा तर १९९४ पासून बंद आहे. तिंदूफची विमानं बरेचदा अवेळी पोचतात. विमानतळावर यजमान घ्यायला येतात आणि छावणीपर्यंतचा प्रवास सुरक्षा ताफ्यासह होतो. तुमच्या विमानाचा क्रमांक त्यांना आधी कळवलेला असलाच पाहिजे.

पैसे युरोत आणि रोख न्या. छावणीत आपलं कार्ड चालेल असं गृहीत धरू नका. भारतातून एका प्रवासासाठी परकीय चलनाच्या नोटा ३,००० डॉलरच्या मोलापर्यंतच नेता येतात, तेव्हा वर्षाचा हिशेब आधी मांडा. अल्जियर्सला उतरल्यावर जवळची रोकड कस्टम्सकडे रीतसर जाहीर करा आणि त्या कागदाची पावती शेवटपर्यंत जपा. छावणीतल्या दुकानात किंमत सांगताना बरेचदा ‘दूरो’ म्हणतात; एक दूरो म्हणजे पाच दिनार. शंभर ऐकून शंभर दिनार पुढे केलेत तर दुकानदार हसून हात मागे घेईल.

ड्रोन नेऊ नका, अल्जेरियात त्यावर बंदी आहे. दुर्बीण आणि सॅटेलाइट फोनही घरीच ठेवा.

भाषेची शिदोरी

निघण्याआधीचे सहा महिने स्पॅनिशला द्या. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या परकीय भाषा विभागाची परंपरा मोठी आहे, दिल्लीत स्पेन सरकारचं सर्वांतेस केंद्र आहे. गोव्यात ज्यांच्या घरी पोर्तुगीज अजून बोलली जाते त्यांना स्पॅनिश अर्धी येतेच. अरबी लिपी वाचता-लिहिता येण्याइतकी शिका. त्याला महिनाभर पुरतो. आखातात नोकरी केलेल्या मराठी माणसांना वाटतं आपली अरबी चालेल, पण हस्सानिया कानाला फार वेगळी लागते. तरी ‘अस्सलामु अलैकुम’, मग ‘याक लाबास’, म्हणजे सगळं ठीक ना, आणि मग ‘एश तारी’, काय नवीन, एवढ्यावर पहिला महिना निघतो. हे विचारणं लांबलचक असतं: तब्येत, घर, आई, मुलं, पुन्हा तब्येत. मध्येच कामाचं बोलू नये.

सामान

चांगली स्लीपिंग बॅग, डोक्याला बांधायची बॅटरी, सौर चार्जर, वाळूच्या वाऱ्यासाठी बंद कडांचा चष्मा, मोठं सुती उपरणं. काँटॅक्ट लेन्स नकोत, धुळीने डोळ्यांचे हाल होतात. चष्म्याच्या दोन जोड्या घ्या. नेहमीची औषधं वर्षभराची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. लॅपटॉप असेल तर त्याला कापडाची आणि वर प्लास्टिकची अशी दुहेरी पिशवी. कपडे ढगळ, हातपाय झाकणारे. बायकांना तिथे गेल्यावर कुणीतरी हमखास मेल्हफा नेसवतं, ते लांबलचक तलम वस्त्र. ती आपुलकी आहे, मात्र रोज नेसायची सक्ती नाही.

पुस्तकांचं ओझं नेऊ नका. आपल्या आणि युरोपीय पुस्तकांत सुपरमार्केट, आगगाडी, पोहण्याचा तलाव असतो. कोरे कार्ड, जाड मार्कर, फळ्याचं काम देणारं गुंडाळता येणारं कापड आणि एक छोटा स्पीकर यांचा उपयोग जास्त होतो. नकाशा नेणार असाल तर आधी उघडून पाहा: पश्चिम सहारा मोरोक्कोत विरघळलेला दाखवणारा नकाशा किंवा पृथ्वीगोल वर्गात लावला, की त्या दिवशी दुसरं काही शिकवता येणार नाही.

खाऊबद्दल जरा थांबून सांगायला हवं. सहरावी मुलांमध्ये सीलियाक आजाराचं प्रमाण विलक्षण जास्त आहे; १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते ५.६ टक्के आढळलं होतं. या आजारात गव्हातलं ग्लुटेन आतड्यांना इजा करतं. आणि मदत म्हणून येणारं मुख्य धान्य गव्हाचं पीठ! त्यामुळे वर्गात बिस्किटांचे पुडे वाटणं हा प्रेमळ वाटणारा पण घातक प्रकार आहे. राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की न्या, तीही आधी घरच्यांना विचारून. घरोघरी देतो तसं मेतकूट यजमानांना द्यायचं मनात असेल तर त्यात गहू असतो हे विसरू नका. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं मूलही असू शकतं.

घर आणि पाहुणचार

छावणीला विलाया म्हणतात, तिच्या भागांना दाइरा. विलाया पाच: एल आयुन, अवसर्द, स्मारा, बुजदूर आणि दाखला. पहिल्या चार तिंदूफच्या आसपास, दाखला मात्र दीडशे किलोमीटरहून अधिक दूर, एकाकी. दीर्घकाळ राहणारे स्वयंसेवक बहुधा कुटुंबात राहतात. आवारात एक खैमा, म्हणजे तंबू, आणि आजूबाजूला मातीच्या विटांच्या खोल्या. ऑक्टोबर २०१५ च्या पावसात अशी हजारो घरं विरघळून गेली होती. पाणी टँकरने येतं आणि दाराशी ठेवलेल्या टाकीत साठवतात. मराठवाड्यात किंवा माणदेशात उन्हाळे काढलेल्या माणसाला अंघोळीच्या बादलीचा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

हे घर जागतिक अन्न कार्यक्रमाच्या शिध्यावर चालतं: पीठ, डाळ, तेल, साखर. तरी पाहुण्यासमोर घरातलं सगळ्यात चांगलं ताट येणार. तुम्ही वर्षभर पाहुणे म्हणून राहिलात तर त्या घराची रयाच जाईल. म्हणून दरमहा ठरलेली रक्कम यजमान संस्थेमार्फत द्या, आणि शिवाय बाजारातून भाजी, फळं, दूध, अंडी आणत राहा. रोख पैसे यजमानिणीच्या हातात कोंबू नका, तिला ते अपमानाचं वाटू शकतं. वस्तू मात्र सहज घेतल्या जातात.

शाकाहारी असाल तर निमंत्रणाच्या वेळीच सांगा. उंटाचं आणि बकरीचं मांस हा तिथला सन्मान आहे. ऐनवेळी नाही म्हणणं जड जातं, आधी कळवलं असेल तर कुणी वाईट वाटून घेत नाही. मसूर, भात, कुसकुस, भाकरीसारखा रोट, खजूर मिळतात. पण वर्षभर त्यावर राहायची मनाची तयारी हवी.

आणि चहा. निखाऱ्यांची छोटी शेगडी, किटली, बोटभर उंचीचे पेले. हिरवा चहा उकळून एका पेल्यातून दुसऱ्यात उंचावरून इतक्या वेळा ओततात की प्रत्येक पेल्याच्या तळाशी फेसाचा थर जमतो, आणि त्या फेसावर मग चहा येतो. असे तीन पेले: पहिला आयुष्यासारखा कडू, दुसरा प्रेमासारखा गोड, तिसरा मृत्यूसारखा सौम्य, असं ते म्हणतात. तिन्ही होईतो तास-दीड तास जातो. पहिला पिऊन उठू नका. तुमच्या वर्गाच्या वेळा, कोणती मुलगी का येईना, कोणत्या शिक्षिकेला मदत हवी आहे पण मागायला संकोच वाटतो, हे सगळं तुम्हाला दुसऱ्या आणि तिसऱ्या पेल्याच्या मध्ये कळणार आहे.

पहिला महिना: शिकवू नका

निदान पूर्ण वर्ग स्वतःकडे घेऊ नका. सहरावी शिक्षकांच्या तासाला मागे बसा. ते चांगलं काय करतात ते लिहून ठेवा आणि त्यांना ते सांगा. बहुतेकांना अत्यल्प मानधन मिळतं. चांगले शिक्षक दुकानाकडे, मदतसंस्थेकडे किंवा स्पेनला निघून जातात. जे टिकले आहेत त्यांना आल्याआल्या सुधारणा सुचवणारा पाहुणा नको असतो.

मग जोडी ठरवा. तुम्ही आणि एक शिक्षिका, एकाच वर्गावर. पहिल्या तिमाहीत पाठ दोघांनी मिळून आखायचा, तुम्ही शिकवायचा, तिने पाहायचं. दुसऱ्या तिमाहीत अर्धा-अर्धा. तिसऱ्या तिमाहीत ती शिकवेल आणि तुम्ही मागे बसाल. हे वेळापत्रक भिंतीवर लावा, कारण मार्च आला की मुलं तुमच्याकडेच यायला बघतील आणि तुम्हालाही ते आवडेल. तिथे ठाम राहावं लागतं.

गट वेगळे करा. शाळकरी मुलं शाळेनंतर. बारावीच्या तोडीची अल्जेरियातली बाक परीक्षा देणाऱ्यांना व्याकरण आणि उतारे हवेत. बायकांचा वर्ग दुपारच्या विश्रांतीनंतर, लहान मुलांना घेऊन येण्याची मुभा ठेवून. आणि आठवड्यातून दोनदा फक्त शिक्षकांचा तास, ज्यात इंग्रजीत चुकायला कुणाला लाज वाटणार नाही. हा शेवटचा तास कधीही रद्द करू नका, बाकीचे झाले तरी चालतील.

हजेरी वरखाली होणारच. पाण्याचा टँकर आला, शिधावाटप आहे, लग्न निघालं, वाळूचं वादळ उठलं, नात्यातलं कुणी मॉरिटानियाहून आलं. प्रत्येक पाठ स्वतंत्र, एका बैठकीत पुरा होणारा आखा. धारावाहिक पाठ तिथे टिकत नाहीत.

वर्गात काय अडतं

मराठी माध्यमात इंग्रजी शिकलेल्या शिक्षकाकडे इथे एक मोठी पुंजी असते: घरात न बोलली जाणारी भाषा पुस्तकातून कशी आपली करायची हे त्याला अंगवळणी पडलेलं असतं. पण अडचणी वेगळ्या आहेत. अरबीत ‘प’ नाही, म्हणून ‘पीपल’चं ‘बीबल’ होतं. ओठांसमोर कागदाची पट्टी धरायला लावा. ‘प’ म्हटल्यावर ती फडफडते, ‘ब’ म्हटल्यावर जवळजवळ स्थिर राहते. दहा मिनिटांत सगळा वर्ग पट्ट्या उडवत असतो. आपल्यालाही एक पथ्य आहे: मराठीच्या सवयीने आपले ‘ट’ आणि ‘ड’ फार ठणठणीत पडतात, शिवाय ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ एकाच ‘व’त जातात. ध्वनिफिती ऐकवा, फक्त स्वतःचा उच्चार आदर्श ठेवू नका.

अरबीत वर्तमानकाळी ‘आहे’ लागत नाही, म्हणून ‘शी टीचर’ असं वाक्य येतं. ज्यांची स्पॅनिश चांगली आहे ते ‘आय हॅव ट्वेंटी इयर्स’ म्हणतात. चूक कुठून आली ते ओळखून समजावलं की पटकन बसतं. लिहिताना डावीकडून उजवीकडे जायची सवय लहानांना हळूहळू लागते. वह्या ‘मागून’ सुरू झाल्या तर ओरडू नका.

आता एका पाठाबद्दल. ‘व्हेअर आर यू फ्रॉम’ हा जगातला सगळ्यात सोपा धडा समजला जातो. छावण्यांची नावं पश्चिम सहारातल्या मूळ शहरांवरून ठेवली आहेत. दाखला हे शहर अटलांटिकमध्ये घुसलेल्या चिंचोळ्या भूशिरावर आहे, दोन्ही बाजूंना समुद्र. दाखला छावणीतली मुलगी म्हणते, ‘आय ॲम फ्रॉम दाखला, आय लिव्ह इन दाखला.’ ही दोन वाक्यं दोन वेगळ्या जागांबद्दल आहेत, आणि पहिली जागा तिने पाहिलेली नाही. हा धडा घाईने उरकू नका. तिच्या आजीला विचारून यायला सांगा: तिथे घर कुठे होतं, समुद्राचा वास कसा होता, कोण मागे राहिलं. मग ती पाच वाक्यं इंग्रजीत लिहू दे. भूतकाळ शिकवायला याहून चांगला पाठ तुम्हाला कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही. मात्र कुणाला बोलायचं नसेल तर जोर करू नका, आणि ते लेखन मुलीच्या आणि घरच्यांच्या परवानगीशिवाय कुठेही टाकू नका. फोटोंनाही हाच नियम.

तरुणांच्या गटाला जे लागतं तेच साहित्य करा: नोकरीचा अर्ज, मुलाखत, तीन मिनिटांचं निवेदन, बातमीचा मजकूर. राजकीय निवेदन असेल तर भाषा दुरुस्त करा, मुद्दे त्यांचे राहू द्या.

सुरक्षितता आणि तब्येत

ऑक्टोबर २०११ मध्ये राबुनीतून तीन युरोपीय मदत कार्यकर्त्यांचं अपहरण झालं होतं. पुढच्या जुलैमध्ये ते सुटले. तेव्हापासून परदेशी पाहुण्यांच्या हालचालींवर कडक शिस्त आहे: ताफा, नोंद, रात्री बाहेर पडण्यावर निर्बंध. ती जाचक वाटली तरी पाळा, कारण नियम मोडलात तर शिक्षा तुमच्या यजमानांना भोगावी लागते. भिंतीच्या पूर्वेच्या भागात फिरायला नेण्याचं आमंत्रण कुणी दिलं तर नम्रपणे नाकारा. तिथे सुरुंग आहेत आणि युद्धबंदी मोडल्यानंतर ड्रोन हल्लेही होतात. लष्कर, चौक्या, विमानतळ यांचे फोटो नकोत. अल्जियर्सच्या भारतीय दूतावासात नाव नोंदवा. प्रवास विमा काढताना संघर्षक्षेत्राचं कलम शब्दन् शब्द वाचा. बऱ्याच पॉलिसी तिथेच हात वर करतात. तिंदूफहून रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च त्यात आहे का, हे लेखी मागा.

हिपॅटायटिस ए, टायफॉइड, धनुर्वात या लसी घेऊन जा. पिण्याचं पाणी बाटलीबंद किंवा गाळून. तिथल्या काही विहिरींच्या पाण्यात आयोडीन गरजेपेक्षा फार जास्त आहे, थायरॉइडचा त्रास असेल तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. बूट घालताना झटका, विंचू असतात.

मनाचीही तब्येत असते. फेब्रुवारीत कधीतरी सलग चार दिवस वारा सुटतो, नेट बंद, वर्गाला कुणी नाही. त्या दिवसांसाठी घरी आधीच सांगून ठेवा की आठवडाभर फोन आला नाही तर घाबरू नका. भारत तिथल्यापेक्षा साडेचार तास पुढे आहे. बोलायची वेळ ठरवून घ्या.

निघण्याआधीचे दोन महिने

एप्रिलपासून नवीन काही सुरू करू नका. जोडीदार शिक्षिकेने वर्षभर वापरलेले पाठ एका वहीत एकत्र करा, तिच्या अक्षरात, अरबी टिपांसह. उच्चारांच्या फिती तिच्या फोनमध्ये भरा, नेट नसताना चालतील अशा. पुढच्या वर्षी कोणता गट कुणाकडे, हे यजमान संस्थेबरोबर बसून ठरवा आणि त्या बैठकीत तिला बोलू द्या. तुमचा लॅपटॉप, स्पीकर मागे ठेवणार असाल तर एखाद्या लाडक्या विद्यार्थ्याला न देता केंद्राच्या नावावर द्या.

शिष्यवृत्ती, व्हिसा, भारतात शिक्षण यांची आश्वासनं देऊ नका. मुलं ती वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. देता येण्यासारखं एकच आहे: आठवड्यातून एक तास, ठरलेल्या वारी, त्या शिक्षिकेबरोबर इंग्रजीत बोलणं. शुक्रवारी तिथे सुट्टी असते. तिच्या तिसऱ्या पेल्यानंतरची वेळ घ्या, आणि पुढच्या वर्षी तिच्या वर्गात किती मुलं आहेत ते तिलाच विचारा.